एका दमात किती आकडे?

पावसाळ्याच्या तोंडाशी माणदेशात उकाडा असह्य होतो. आटपाडी तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर घरातली माणसे पडवीत जमिनीवरच वाकळ टाकून झोपलेली असतात. पहाटे चारच्या सुमारास बारा-तेरा वर्षांचा मुलगा पोटात दुखते म्हणून उठून बसतो. अंगावर कुठे जखम दिसत नाही, सूज नाही, आग नाही. आई ओवा देते. तासाभराने मुलाच्या पापण्या जड होऊन मिटायला लागतात. झोप पुरी झाली नसेल असे सगळ्यांना वाटते. मग त्याला पाणी गिळता येईना होते आणि आवाज नाकातून येऊ लागतो.

हा प्रसंग आम्ही कल्पनेने उभा केला आहे, पण त्यातले एकही लक्षण कल्पनेतले नाही. मण्यार नावाचा साप रात्री हिंडतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि पुष्कळदा चावल्याचे कळतही नाही. या मुलाचे पुढे काय होणार हे आता सापावर अवलंबून नाही. पुढच्या काही तासांत त्याच्याकडे कोण, किती बारकाईने लक्ष देते यावर ते अवलंबून आहे. अशा लक्ष देण्यालाच वैद्यकशास्त्रात अतिदक्षता म्हणतात. शहरातल्या रुग्णालयाच्या काचेआडचा, यंत्रांच्या टिकटिकीने भरलेला तो विभाग आपण पाहिलेला असतो. तिथे नेमके काय चालते आणि त्यातले किती आटपाडीपर्यंत पोचू शकते, हे या लेखात पाहू.

हृदय चालू, श्वास बंद

आपण श्वास घेतो तेव्हा आधी हवा आत जाते आणि मग छाती फुगते, अशी बहुतेक विद्यार्थ्यांची समजूत असते. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. छाती आणि पोट यांमधला श्वासपटल नावाचा स्नायू आकुंचन पावून खाली सरकतो, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीची पोकळी मोठी होते, आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी होतो आणि म्हणून हवा आत येते. म्हणजे श्वास हे मुळात स्नायूंचे काम आहे. स्नायूला आकुंचन पावण्याचा हुकूम चेतातंतूकडून मिळतो. चेतातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन नावाचे रसायन सुटते, ते स्नायूवरच्या ठरावीक जागी बसते आणि स्नायू आखडतो.

मण्यारीचे विष चेतातंतूची ही टोकेच निकामी करते. हुकूम निघतो, पण पोचत नाही. सर्वांत आधी पापण्या आणि डोळे यांचे लहान स्नायू दुबळे होतात, मग घसा, मग मान आणि शेवटी श्वासाचे स्नायू. नागाचे विषही श्वास बंद पाडते, पण त्याची तऱ्हा निराळी आहे. ते चेतातंतूला धक्का न लावता स्नायूवरच्या ग्रहण करणाऱ्या जागा अडवून बसते. म्हणून नागदंशात प्रतिविष आणि निओस्टिग्मीन हे औषध वेळेवर मिळाले तर गुण लवकर दिसू शकतो. मण्यारीच्या दंशात मात्र रक्तात मोकळे असलेले विष प्रतिविषाने बांधले गेले, तरी मोडलेली चेतांची टोके पुन्हा उगवावी लागतात. त्याला काही दिवस लागतात.

या काही दिवसांत मुलाचे हृदय ठीक असते, मूत्रपिंडे ठीक असतात, मेंदूही शाबूत असतो. बिघडलेले असते ते फक्त भाता ओढण्याचे काम. विषाचा अंमल पुरा झाला की रोग्याची बोटे हलत नाहीत, डोळे उघडत नाहीत, बाहुल्याही प्रकाशाला दाद देत नाहीत. माणूस गेला असे पाहणाऱ्याला वाटते. पण तो ऐकत असू शकतो. अशा रोग्यासाठी दुसऱ्या कोणी श्वास घेतला, तर तो उठून घरी चालत जातो.

कोपनहेगनची दीड हजार मुले

हाच प्रश्न १९५२ साली डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरापुढे उभा राहिला. तिथे कारण साप नव्हता, पोलिओ होता. त्या उन्हाळ्यात ब्लेगडाम रुग्णालयात रोज डझनावारी रोगी येऊ लागले. पोलिओच्या विषाणूने चेतापेशी मारल्याने पुष्कळांचे श्वासाचे स्नायू लुळे पडत होते. त्या काळी यावर ‘लोखंडी फुप्फुस’ नावाचे यंत्र वापरत. रोग्याला मानेपर्यंत एका पिंपात ठेवायचे आणि पिंपातली हवा ओढून छाती बाहेरून फुगवायची. रुग्णालयात असे पिंप एकच होते, आणि छातीवर बसवायची लहान यंत्रे सहा. साथीच्या पहिल्या तीन आठवड्यांत श्वास अडलेल्या ३१ रोग्यांपैकी २७ दगावले.

ब्योर्न इब्सेन हे भूलतज्ज्ञ होते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर स्नायू लुळे पाडणारे औषध देऊन, घशातल्या नळीला जोडलेली रबरी पिशवी हाताने दाबत रोग्याला जिवंत ठेवणे हे त्यांचे रोजचे काम. तेच पोलिओच्या रोग्याला का करू नये, असे त्यांनी विचारले. २७ ऑगस्ट १९५२ रोजी बारा वर्षांच्या एका मरणासन्न मुलीच्या श्वासनलिकेला छेद घेऊन त्यांनी नळी बसवली आणि पिशवीने हवा द्यायला सुरुवात केली. मुलगी वाचली. पण पिशवी दाबणार कोण, आणि किती दिवस? वैद्यकीय शाखेचे सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन्महिने रोग्यांच्या उशाशी बसले. एका वेळी सत्तरपर्यंत रोगी असे हाताच्या श्वासावर जगत होते. श्वास अडलेल्या रोग्यांतले मृत्यूंचे प्रमाण ८७ टक्क्यांवरून निम्म्याहून खाली आले. पुढच्याच वर्षी, १९५३ च्या डिसेंबरात, इब्सेन यांनी सर्व प्रकारच्या अत्यवस्थ रोग्यांना एकत्र ठेवून सतत नजरेखाली राखणारा विभाग सुरू केला. जगातला पहिला अतिदक्षता विभाग म्हणून त्याचे नाव घेतले जाते.

या हकीकतीतून अतिदक्षतेचे मूळ तत्त्व कळते. हा विभाग सहसा रोग बरा करत नाही. दमलेल्या इंद्रियाचे काम तो काही काळ स्वतःकडे घेतो आणि शरीराला सावरायला वेळ मिळवून देतो. फुप्फुसासाठी श्वसनयंत्र, मूत्रपिंडासाठी डायलिसिस, रक्तदाबासाठी थेंबाथेंबाने शिरेत जाणारी औषधे. हे सगळे उसने घेतलेले दिवस असतात.

आता आटपाडीचा हिशेब मांडू. तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालय आहे. मोठी सरकारी रुग्णालये सांगली-मिरजेला, शंभर किलोमीटरच्या आसपास. विट्यावरून जाणाऱ्या या रस्त्याला अडीच तास धरू. पिशवी पाच सेकंदांतून एकदा, म्हणजे मिनिटाला १२ वेळा दाबायची. १५० मिनिटांत १,८०० वेळा. एका दिवसात १७,२८०. विट्याच्या अलीकडे हात दुखला म्हणून कुणी दोन-चार मिनिटे थांबला, तर पुढचा सगळा प्रवास व्यर्थ. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका धावू लागल्या. त्यांचे मोल वेगापेक्षाही या १,८०० दाबांत आहे.

विजेवाचून चालणारी उपकरणे

पण पिशवी कधी हातात घ्यायची हे कसे ठरवायचे? श्वास पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहिली तर उशीर होतो. इथे एक फार साधी कसोटी उपयोगी पडते. रोग्याला खोल श्वास घ्यायला सांगायचे आणि एका दमात एक, दोन, तीन असे मोठ्याने मोजायला लावायचे. धडधाकट माणूस तीस-चाळीसपर्यंत सहज जातो. सर्पदंशाचा रोगी आल्यावर २८ पर्यंत मोजतो, अर्ध्या तासाने १९, आणखी अर्ध्या तासाने ११, तर त्याचे श्वासाचे स्नायू हरत चालले आहेत. चेहरा शांत असला, बोलणे नीट असले, तरी आकडा घसरला की लगेच वरच्या रुग्णालयाची तयारी करावी लागते. महत्त्व एका आकड्याला नाही, त्याच्या उताराला आहे. हे आकडे वेळेसह कागदावर लिहिणे हीच अतिदक्षता.

दुसरे उपकरण म्हणजे काचेची परीक्षानळी. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. रोग्याच्या शिरेतले सुमारे दोन मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे, २० मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी तिरपी करायची. रक्त गोठले नाही, पातळ वाहिले, तर प्रतिविष देण्याची वेळ झाली. नळी प्लॅस्टिकची चालत नाही, कारण रक्त गोठण्याची सुरुवात काचेच्या पृष्ठभागाच्या स्पर्शानेच होते. ही चाचणी वीज नसलेल्या आरोग्य केंद्रातही करता येते.

तिसरे उपकरण प्रत्येकाच्या बोटात आहे. बोटाच्या टोकावर दहा सेकंद दाब द्यायचा आणि सोडायचा. पांढुरकी झालेली जागा साधारण तीन सेकंदांच्या आत पुन्हा लालसर व्हायला हवी. शरीर संकटात सापडले की ते हातापायांचे रक्त आवळून मेंदूकडे आणि हृदयाकडे वळवते; मग ही लाली यायला उशीर लागतो. हा जुना, जवळजवळ विसरलेला प्रकार २०१९ साली एका मोठ्या चाचणीत तपासला गेला. जंतुसंसर्गाने रक्तदाब ढासळलेल्या ४२४ रोग्यांपैकी अर्ध्यांवरचे उपचार रक्तातल्या लॅक्टेटच्या मोजणीवरून ठरवले, अर्ध्यांवरचे बोटाच्या लालीवरून. २८ दिवसांत पहिल्या गटातले ४३.४ टक्के रोगी दगावले, दुसऱ्यातले ३४.९ टक्के. हा फरक योगायोगाचा नाहीच, असे म्हणण्याइतका तो पक्का नव्हता. पण बोट निदान प्रयोगशाळेहून उणे ठरले नाही, हे स्पष्ट झाले.

महाडचा धडा

थोड्या साधनांत अतिदक्षता कशी उभी राहते याचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. माणदेशातल्या दगडधोंड्यांत सापडणारा तांबडा विंचू कोकणातही विपुल. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, पण जिवावर बेततो तो हा लहान तांबडा. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा गंभीर विंचूदंशातले शेकडा तीस-चाळीस रोगी मरत, आणि त्यांत मुले पुष्कळ. उपाय माहीत नव्हता. बावस्करांनी रोग्यांजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या, हातापायांचा थंडपणा यांची नोंद ठेवायला सुरुवात केली.

त्या नोंदींतून मृत्यूची वाट दिसू लागली. विंचवाचे विष चेतातंतूंमधली सोडियमची दारे उघडी ठेवते. त्यामुळे शरीरात ॲड्रेनालिन आणि नॉरॲड्रेनालिन यांचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हातपाय बर्फासारखे होतात, रक्तदाब चढतो. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलून हृदय दमते, रक्त मागे तुंबते आणि फुप्फुसांत पाणी भरते. तोंडावाटे गुलाबी फेस येऊन रोगी जणू आतल्या आत बुडतो.

वाट कळल्यावर उपायाची दिशाही कळली: आवळलेल्या वाहिन्या सैल करायच्या. सोडियम नायट्रोप्रुसाइड शिरेतून देऊन गुण येत होता, पण त्यासाठी क्षणाक्षणाला रक्तदाब पाहावा लागतो. खेड्यात ते अवघड. मग त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी वापरली. नॉरॲड्रेनालिन जिथे बसून वाहिन्या आवळते त्याच जागा ती अडवते. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झाले. गंभीर दंशातले मृत्यू पुढे शेकडा एक-दोनांपर्यंत खाली आले. डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी ७० रोग्यांवर केलेली चाचणी २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. नुसत्या प्राझोसिनने सरासरी १७.७ तासांत बरा होणारा रोगी, जोडीला विंचवाचे प्रतिविष दिल्यास १० तासांत बरा होतो, असे तीत दिसले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शहरातल्या अतिदक्षता विभागात जे घडते, म्हणजे सतत निरीक्षण, बिघाडाचा नेमका शोध आणि त्यावर मोजका उपाय, तेच एका आरोग्य केंद्रात घडले.

यंत्रे काय शिकली

मोठ्या विभागांतही गेल्या पंचवीस-तीस वर्षांतले महत्त्वाचे बदल नव्या यंत्रांपेक्षा यंत्रे जपून वापरण्याचे आहेत. श्वसनयंत्र हवा बाहेरून आत ढकलते. आपला स्वाभाविक श्वास हवा ओढून घेतो. ढकललेली हवा जास्त झाली तर सुजलेले फुप्फुस फाटते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत ८६१ रोग्यांपैकी काहींना दर किलो वजनामागे १२ मिलिलिटर, तर काहींना ६ मिलिलिटर हवा एका श्वासाला दिली. वजन उंचीवरून काढलेले धरले होते. पहिल्या गटात ३९.८ टक्के दगावले, दुसऱ्यात ३१ टक्के. यंत्र तेच, फक्त श्वास निम्मा. २०१३ च्या फ्रान्समधल्या चाचणीत अत्यवस्थ रोग्यांना दिवसातले सोळा तास पालथे झोपवले, तेव्हा २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. उताण्या माणसाच्या फुप्फुसाचा पाठीकडचा मोठा भाग दबलेला राहतो. पालथे केल्यावर तो उघडतो. कोविडच्या साथीत पालथे झोपायचा सल्ला घरोघर पोचला, त्याचे मूळ इथे आहे.

त्याच साथीने बोटाला लावायचा ऑक्सिमीटरही खेड्यापाड्यांत नेला. जपानमधले ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये त्याचे तत्त्व मांडले. ऑक्सिजन घेतलेले हिमोग्लोबिन आणि न घेतलेले हिमोग्लोबिन लाल व अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. बोटातून हे दोन्ही प्रकाश सोडून, नाडीबरोबर बदलणारा भाग तेवढा मोजला की धमनीच्या रक्तातला ऑक्सिजन कळतो. मात्र गार पडलेली बोटे, मेंदी, नखपॉलिश यांनी आकडा चुकतो. २०२० मधल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात असेही दिसले, की कृष्णवर्णीयांमध्ये ऑक्सिजन धोकादायकरीत्या कमी असूनही यंत्राने ठीक दाखवण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होते. सावळ्या माणसांच्या देशात हे विसरून चालणार नाही.

खिशात मावेल अशी सोनोग्राफी हे आणखी एक उगवते साधन. फुप्फुसात पाणी आहे का, हृदय नीट आकुंचन पावते का, हे ती खाटेपाशीच दाखवते. विंचूदंशाच्या रोग्यातले बिघाड तिने मिनिटांत ओळखता येतील. आपल्याकडे गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे अशा यंत्रांच्या नोंदणीवर आणि ने-आणीवर कडक बंधने आहेत. बंधनांचे कारण रास्त आहे. तरी एका दुखण्यावरचा बांध दुसऱ्या दुखण्याच्या वाटेत येऊ नये याची सोय शोधावी लागेल.

संगणकाच्या भाकितांबद्दलही सावधपणे बोलायला हवे. रोग्याच्या नोंदी वाचून जंतुसंसर्गाचा धोका आधीच सांगणारी एक प्रणाली अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांत वापरात होती. २०२१ मध्ये बाहेरच्या संशोधकांनी ती तपासली, तेव्हा संसर्ग झालेल्यांपैकी ६७ टक्के रोगी तिच्या नजरेतून सुटलेले निघाले. दूरच्या तज्ज्ञाला पडद्यावरून आटपाडीच्या रोग्याची नाडी दाखवता येईल, ही सोय मोलाची आहे. पण मोजलेला आकडा आधी कुणीतरी नीट घेतलेला असला पाहिजे.

शाळेने काय करावे

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाला सरासरी ५८ हजार. केंद्र सरकारने २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करण्याचे ठरवले. हे काम रुग्णालयाच्या दाराआधी सुरू होते.

वर्गात दोन प्रयोग करता येतील. प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापून तिथे फुग्याचे रबर ताणून बांधा, तोंडातून आत दुसरा फुगा लोंबता बसवा. रबर खाली ओढले की आतला फुगा आपोआप फुगतो. हा आपला श्वास. मग त्याच फुग्यात तोंडाने फुंकर घाला. हा श्वसनयंत्राचा श्वास. दोन्हींत दाब कुठे कमी-जास्त झाला हे मुलांनाच शोधू द्या. दुसऱ्या प्रयोगात प्रत्येकाने एका दमात आकडे मोजून वहीत लिहावे. धावून आल्यावर पुन्हा मोजावे. आपला नेहमीचा आकडा ज्याला माहीत आहे त्याला उतार ओळखता येतो.

याबरोबर चार गोष्टी मुलांच्या तोंडी बसाव्यात. शक्यतो खाटेवर, मच्छरदाणी खोचून झोपावे. रात्रीच्या लाइटीवर दारे धरायला जाणाऱ्याने बूट आणि बॅटरी सोडू नये. दंश झाल्यास चिरू नये, चोखू नये, दोरीने करकचून बांधू नये. मोडलेल्या हाडासारखा तो अवयव स्थिर ठेवून, चालायला न लावता थेट रुग्णालय गाठावे आणि १०८ ला फोन करावा. रोगी बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवावा, श्वास थांबला तर तोंडाने द्यावा.

सुरुवातीच्या मुलाकडे परत जाऊ. पापण्या मिटताना पाहून घरातल्या शाळकरी बहिणीने त्याला एवढेच म्हटले, “दादा, एका दमात मोज बघू,” आणि आकडा व वेळ वहीच्या मागच्या पानावर लिहिली, तर अतिदक्षता विभाग त्या पडवीतच सुरू झाला. वहीचे ते पान रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांच्या हाती द्यायला मात्र तिने विसरू नये.